दुसरा सबवूफर घ्यावा का, आणि घेतलाच तर ठेवावा कुठे

दुसरा सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज (सर्वांत खालच्या पट्टीतला आवाज) वाजवणारा स्पीकर, विकत घेण्याआधी चित्रपटातला भरपूर खर्ज असलेला एखादा ओळखीचा प्रसंग लावावा आणि तोच प्रसंग सोफ्याच्या प्रत्येक जागेवर बसून ऐकावा. आमच्या दिवाणखान्यात ही चाचणी केली तेव्हा भिंतीलगतच्या जागी प्रत्येक ठोका घुमत होता, तर मधल्या जागी तोच ठोका कोरडा वाटत होता.

कारण खोलीच्या मापात आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याला समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले की त्या दिशेचा पहिला अनुनाद, म्हणजे त्या भिंतींमध्ये घुमणारा सूर, किती हर्ट्झचा (सेकंदाला किती कंपनांचा) ते मिळते. आमची खोली ५ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद आहे, म्हणजे लांबीचा अनुनाद ३४ हर्ट्झच्या आसपास आणि रुंदीचा ४९ हर्ट्झच्या आसपास येतो. भिंतीजवळ हा अनुनाद जोरात ऐकू येतो, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. आपल्याकडच्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती खर्ज फारसा शोषून घेत नाहीत, त्यामुळे हा फरक आणखी ठळक होतो.

एकच माणूस एकाच जागी बसून ऐकत असेल, तर दुसऱ्या सबवूफरची गरज बहुधा नसते. आहे तोच सबवूफर सोफ्यावर ठेवून खोलीत हिंडावे, जिथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू येईल ती जागा हेरावी आणि सबवूफर तिथे मांडावा. सोफा मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेऊनही बराच फरक पडतो. आवाज कमी पडतो एवढीच तक्रार असेल, तर माझ्या मते दोन लहान सबवूफरपेक्षा एक मोठा घेणे बरे. मात्र तीन-चार जणांना सारखा खर्ज हवा असेल, तर दुसऱ्याला पर्याय नाही. इक्वलायझर (आवाजाच्या निरनिराळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारी सोय) अनुनादामुळे वाढलेल्या आवाजाचा फुगवटा कापू शकतो, पण अनुनादामुळे पडलेला खड्डा भरू पाहिला तर ॲम्प्लिफायरची ताकद वाया जाते; शिवाय एका जागेसाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या जागेला मारक ठरते.

पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवणे ही नावाजलेली मांडणी आहे. त्यात दोन्ही दिशांचे पहिले अनुनाद मुळातच उठत नाहीत. पण मध्यावर टीव्हीचे युनिट, मागे भिंतीला टेकलेला सोफा आणि बाजूला बाल्कनीचे दार अशी आपल्या घरांची रचना असल्याने ती क्वचितच जमते. म्हणून पुढच्या भिंतीवर, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून रुंदीच्या पाव अंतरावर, म्हणजे आमच्या खोलीत सुमारे ८८ सेंटिमीटरवर, एकेक सबवूफर ठेवावा. रुंदीचे पहिले दोन्ही अनुनाद त्याने दबतात. लांबीचा फुगवटा उरतो खरा, पण सोफ्यावरच्या सगळ्यांना तो सारखाच असल्याने इक्वलायझरने तो नीट कापता येतो. खोलीची एक बाजू पॅसेजकडे उघडी असेल, तर हे गणित अंदाजापुरतेच धरावे आणि दोन्ही सबवूफर थोडे इकडेतिकडे सरकवून पाहावे.

दोन्ही सबवूफर शक्यतो एकाच मॉडेलचे असावेत. बंद पेटीचा आणि पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेले भोक) असलेला एकत्र लावल्यास त्यांची फेज, म्हणजे ध्वनिलहरींच्या चढउताराची वेळ, जुळत नाही. दोघांचा गेन (सबवूफरवरची आवाजाची पातळी) सारखा ठेवावा. दोन्ही एकत्र वाजल्यावर आवाज वाढतो, तेव्हा गेन त्या मानाने उतरवावा. रिसीव्हरला (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या ॲम्प्लिफायरला) सबवूफरचा एकच आउटपुट असेल, तर एकाचे दोन फाटे करणारी वाय-केबल चालते. त्यानंतर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून फेजची कळ ० आणि १८० अशी फिरवावी, पण दोन्ही सबवूफरची एकदमच. जिथे त्या सीमेजवळचा खर्ज अधिक भरीव वाटेल, ती स्थिती कायम करावी. रिसीव्हरचे आपोआप होणारे मोजमाप हे सर्व उरकल्यावरच चालवावे, कारण नंतर सबवूफर हातभर जरी सरकला तरी ते पुन्हा करावे लागते.

शेवटी तोच प्रसंग लावून पुन्हा प्रत्येक जागेवर बसावे. आमच्याकडे जागांमधला फरक जवळजवळ मिटला, पण शोकेसच्या काचा मात्र थरथरतच राहिल्या. दाराच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवल्यावर त्या थांबल्या.