वसंतातली घाई: पेरणी आणि बरण्या, या चुका टाळा

थंडी ओसरली, दिवस मोठा झाला की हात शिवशिवायला लागतात. बियांची सगळी पाकिटं एकाच सुट्टीच्या दिवशी फोडली जातात. मीही हेच करायचे. मग एका वर्षी खिडकीतल्या ट्रेमध्ये उगवलेली टोमॅटोची रोपं एकेक करून आडवी झाली. दोष बियांना दिला, पण बिया बिचाऱ्या उगवल्या होत्या. चूक माझ्या झारीची होती.

हवा उबदार, माती गारच

दुपारचं ऊन फसवतं. हवा तापली तरी माती तापायला वेळ लागतो, आणि बी उगवतं ते मातीच्या उबेवर. टोमॅटोला साधारण 20 ते 27 अंश सेल्सिअस लागतात, मिरचीला त्याहून थोडे जास्तच. गार, ओल्या मातीत या बिया नुसत्या पडून राहतात आणि कुजतात. वाटाणा, पालक, मुळा यांना गारवा चालतो. सुरुवात त्यांच्यापासून करा.

जुनं बी असेल तर आधी परीक्षा घ्या. दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं, चार-पाच उगवल्या तर दाट पेरा, त्याहून कमी असतील तर जागा अडवू नका. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत दम तोडतं, टोमॅटोचं मात्र नीट ठेवलं तर चार वर्षंही टिकतं.

रोपं कोलमडतात तेव्हा

देठ मातीपाशी बारीक, काळपट होतो आणि रोप मान टाकतं. हे काम मातीतल्या बुरशीचं, पण तिला आमंत्रण आपलं असतं: न धुतलेला ट्रे, मागच्या वर्षीची माती, दाट पेरणी आणि रोज वरून पाणी. पडलेलं रोप वाचत नाही. ते काढून टाका, उरलेली विरळ करा, वारा लागेल अशा जागी ठेवा आणि ट्रेखालच्या ताटलीतून पाणी द्या. वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही.

रोप उंच आणि लुकडं झालं असेल तर त्याला खत नको, उजेड हवाय. टोमॅटोचं असं रोप लावताना देठ खोल गाडला तरी चालतो, त्याला देठावरही मुळं फुटतात. काकडीवर हा प्रयोग करू नका, देठ कुजू शकतो. आणि घरात वाढलेलं रोप थेट उन्हात नेऊ नका. सात-दहा दिवस रोज थोडं थोडं जास्त वेळ बाहेर ठेवा.

पेरणीआधी कपाट उघडा

ही चूक कुणी चूक मानतच नाही. मागच्या हंगामात भाजी टिकवायला भरलेल्या सहा बरण्या तशाच उरल्या असतील तर त्याच भाजीच्या पुन्हा तीन ओळी कशाला? ‘दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पेरा’ हा सल्लाही अर्धाच खरा आहे. रोजच्या ताटासाठी तो बरोबर. बरण्या भरायच्या असतील तर मात्र पीक एकदम हातात यायला हवं, नाहीतर दर आठवड्याला चार टोमॅटो घेऊन पातेलं चढवणार का? त्यासाठी एकदम फळणारी बुटकी जात निवडा.

कपाट उघडलंच आहे तर झाकणंही बघा. फुगलेलं झाकण, पाझरलेली कड, उघडताना उसळणारा रस दिसला तर बरणी टाकून द्या. चाखून बघायचं नाही. वास चांगला आहे याला काही अर्थ नाही, कारण बोट्युलिझमचं (बंद अन्नात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही.

त्याचे जिवाणू वाढतात ते हवाबंद, कमी आंबट पदार्थात. सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा जास्त म्हणजे आंबटपणा कमी) 4.6 च्या वर असला की धोका सुरू होतो, आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे जिवाणूंचं टणक सुप्त रूप, उकळत्या पाण्यातही तग धरतात. म्हणून शेंगा, गाजर, मटार नुसते उकळून बरणीत बंद करणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. त्यांना दाबाखालची वाफ लागते, 116 अंश किंवा त्याहून जास्त, आणि रोजचा छोटा कुकर त्या कामाचा नाही. कॅनर (बरण्या दाबाखाली तापवायचं खास भांडं) नसेल तर त्या भाज्या फ्रीझरमध्ये ठेवा किंवा वाळवा.

टोमॅटो बरोबर या 4.6 च्या सीमेवर बसतो. साधारण लिटरभर बरणीला दोन टेबलस्पून बाटलीबंद लिंबूरस घाला. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, म्हणून बाटलीतलाच. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही ओट्यावर ठेवू नका. तेल टिकवत नाही, फक्त हवा अडवते, आणि त्या जिवाणूंना तेच हवं असतं. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

(गंमत म्हणजे निकोला अ‍ॅपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने बरणी बंद करून उकळण्याची पद्धत 1810 मध्ये जाहीर केली तेव्हा अन्न का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं. ते कळायला, म्हणजे अन्न सूक्ष्मजीवांमुळे नासतं हे दाखवायला, शास्त्रज्ञ लुई पाश्चर यावा लागला.)

मिठात आंबवताना मीठ चमच्याने मोजू नका, जाड आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही. एक किलो कोबीला 20 ते 25 ग्रॅम, तोलून. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. रंगीत, लवदार बुरशी आली तर सगळंच फेका.

जॅम पातळ राहिला? बहुतेक वेळा साखर कमी केलेली असते किंवा एका पातेल्यात दुप्पट फळं ओतलेली असतात. थंड बशीवर थेंब टाकून बघा, बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद. उगाच उकळत राहिलात तर जॅम घट्ट करणारं फळातलं पेक्टिनच मोडतं.

तारखा लिहायचं काम घरातल्या मुलांना द्या, आवडीने करतात. फक्त बरणीच्या अंगावर लिहायला सांगा, झाकणावर नको. धुतल्यावर झाकणांची अदलाबदल होते.