विहिरींचा नकाशा: विद्यापीठाच्या गटानं गावात काम कसं करावं

विद्यापीठाची जीआयएस (संगणकावर नकाशाला माहिती जोडणारी) प्रयोगशाळा गावासोबत काम करायला निघाली की पहिली मागणी बहुधा पाण्याच्या नकाशाची येते. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रानं राज्य सरकारच्या पोकरा (हवामान-अनुकूल शेतीच्या) प्रकल्पासाठी पाण्याचा ताळेबंद मांडला तो मोफत मिळणाऱ्या क्यूजीआयएसवरच. नकाशे बिघडतात ते बहुतेक विहिरीच्या काठावर, म्हणून इथे जास्त जागा त्या कामाला दिली आहे.

मोजणी वर्षातून किमान दोनदा हवी: मे महिन्यात आणि पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये. गावातल्या सगळ्या विहिरी दोन-तीन दिवसांत उरकायच्या. अर्धं गाव वळवाच्या पावसाआधी आणि अर्धं नंतर मोजलं तर आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. जाण्याआधी सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटा, तलाठ्याकडून गाव नकाशा पाहून घ्या आणि शिवार माहीत असलेला गावातलाच एक माणूस प्रत्येक जोडीसोबत द्या. आडबाजूचे जुने आड आणि झरे त्यालाच ठाऊक असतात.

फोनवर नोंदी भरायला कोबो टूलबॉक्स किंवा क्यूफील्ड हे ॲप घ्या. फॉर्म छोटा ठेवा: विहिरीचा क्रमांक, सार्वजनिक की खाजगी, वापर, एकूण खोली, कठड्यावरच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर, कठड्याची उंची, मोटर शेवटची कधी बंद केली, कोणत्या महिन्यात आटते आणि एक फोटो. आकड्यांच्या रकान्याला ‘दशांश’ हाच प्रकार लावा. तो मजकूर म्हणून ठेवला आणि कुणी देवनागरीत ‘८.५’ लिहिलं, तर पुढे क्यूजीआयएस ती संख्या धरत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. ३० मीटरची फायबरची टेप घ्या आणि टोकाला पाव किलोचं वजन बांधा. सुतळी वापरू नका, ती ओली झाली की लांबी बदलते. वजन टेपच्या शून्याखाली जितकं लोंबतं तेवढी लांबी वाचनात मिळवावी लागते, हे बऱ्याचदा राहून जातं. कठड्यावर ऑइलपेंटनं एक खूण करा, शेजारी क्रमांक लिहा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. समजा, खुणेपासून पाणी ७.४ मीटरवर लागलं आणि कठडा जमिनीपासून ०.९ मीटर उंच आहे, तर जमिनीखालची पातळी ६.५ मीटर. ही वजाबाकी केली नाही तर कठडा असलेल्या विहिरी बिनकठड्याच्या विहिरींपेक्षा उगाच मीटरभर खोल दिसतात. बिनकठड्याच्या विहिरीवर जोडीनंच जा. एकानं टेप सोडायची, दुसऱ्यानं त्याला धरायचं. विहिरीत कुणीही उतरायचं नाही.

सगळ्यात फसवा प्रश्न मोटरचा. सकाळची पातळी रात्रभर स्थिर झालेली असते असं पुस्तकात असतं, पण शेतीची वीज ज्या आठवड्यात रात्रपाळीची असते त्या आठवड्यात उपसा रात्रीच होतो आणि पहाटेची पातळी सर्वांत खाली गेलेली मिळते. म्हणून मोजणीआधी शेतीला वीज देणाऱ्या त्या फीडरचं वेळापत्रक विचारा आणि वीज नसलेल्या तासांच्या शेवटी मोजा. बेसॉल्टमधल्या (काळ्या खडकातल्या) काही विहिरींना पूर्ववत भरायला एक दिवसही पुरत नाही. अशी नोंद पुसू नका. ‘उपसा चालू’ अशी वेगळी खूण करा आणि शक्य असेल तर पुन्हा जा.

जागेची नोंद घेताना फोन कठड्याला टेकवू नका, झाडाखालून बाहेर या आणि अचूकता ५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. मोकळ्या आभाळाखाली एवढी अचूकता साध्या फोनलाही मिळते. रेंज नसलेल्या शिवारात पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं लागतात, तिथे घाई केली की आधीच्या विहिरीचीच जागा नव्या विहिरीला चिकटते. फोननं दाखवलेली उंची मात्र वापरू नका. ती बऱ्याच फोनांत पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे, शिवाय आडव्या अचूकतेपेक्षा तिची चूक बरीच जास्त असते. उपग्रहावरून मिळणाऱ्या ३० मीटर चौकटीच्या उंचीतही काही मीटर इकडेतिकडे होतात. शेजारच्या दोन विहिरींतलं पाणी कुणीकडे वाहतं हे सांगायचं असेल तर स्थापत्य विभागाकडून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) मागून आणा.

क्यूजीआयएसमधलं काम त्यामानानं सरळ आहे. नोंदींचा तक्ता, म्हणजे सीएसव्ही फाइल, देवनागरी सांभाळणाऱ्या यूटीएफ-८ मध्येच जतन करा, नाहीतर गावांची नावं प्रश्नचिन्हं होतात. रेखांश एक्समध्ये, अक्षांश वायमध्ये. उलट झालं तर पुणे जिल्ह्यातली विहीर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडते. नकाशाची फाइल जिओपॅकेज या प्रकारात ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला १० बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची तीनच अक्षरं. अंतर मोजण्याआधी नकाशा यूटीएममध्ये (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत) आणा: राज्याच्या बहुतेक भागाला ईपीएसजी हा सांकेतिक क्रमांक ३२६४३, तर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, भंडारा, गडचिरोलीकडे, ३२६४४. हे न करता विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायला गेलात तर सॉफ्टवेअर ते ५०० अंश समजतं.

गाव नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये खऱ्या जागेवर बसवताना सहा ते आठ बिंदू घ्या आणि ते चारही बाजूंना पसरलेले ठेवा. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथले दगड सगळ्यात भरवशाचे. पद्धत ‘पॉलिनॉमियल १’ निवडा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’मध्ये चूक शून्य दिसते, कारण ती प्रत्येक बिंदूवर नकाशा ताणून बसवते. चुकीचा बिंदू त्यात लपून जातो.

पुढचा मोह रंगीत पृष्ठभागाचा. विहिरींच्या आकड्यांवरून आयडीडब्ल्यू (जवळच्या बिंदूंवरून मधल्या जागेचे आकडे अंदाजणारी पद्धत) चालवलं की सुंदर निळा-लाल नकाशा मिळतो. दख्खनच्या बेसॉल्टवर तो आम्ही गावाला दाखवत नाही. इथे पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत असतं; बांधाच्या अलीकडची विहीर मार्चमध्ये आटते आणि पलीकडची मेपर्यंत पुरते. मधल्या जागेत भरलेला रंग मोजलेला नसतो, पण बघणारा त्यावर बोअर घ्यायचा निर्णय करू शकतो. त्याऐवजी बिंदूच दाखवा: आकार पातळीनुसार आणि रंग विहीर आटण्याच्या महिन्यानुसार. शेतकऱ्याला दुसरी गोष्टच जास्त कामाची असते.

छपाईला १:५००० हे प्रमाण घ्या. तीन किलोमीटरचा शिवार ६० सेंटिमीटरमध्ये येतो, म्हणजे ए-१ कागद सहसा पुरतो. लेबलला नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट वापरा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, जोडाक्षरं तुटतात. वस्त्या, ओढे आणि पाणंदी यांची नावं लोक घेतात तीच लिहा.

पहिली प्रत फ्लेक्सवर छापू नका. साधा कागद ग्रामसभेत जमिनीवर पसरा आणि लोकांच्या हाती पेन्सिली द्या. सुटलेल्या विहिरी, चुकीच्या जागी पडलेले ओढे आणि उलटे लिहिलेले महिने तिथेच दुरुस्त होतात. दुरुस्त्यांचा फोटो काढा, त्या त्याच आठवड्यात फाइलमध्ये भरा, आणि मगच पंचायतीच्या भिंतीसाठी पक्की प्रत काढा. त्या प्रतीवर खाजगी विहिरींचे फक्त क्रमांक असावेत. मालकाचं नाव आणि बोअरची खोली विद्यापीठाच्या फाइलमध्येच राहू द्या, नाहीतर ऑक्टोबरच्या फेरीला लोक खरी खोली सांगत नाहीत.