गंजलेली जुनी गाडी उचलताय? या चुका टाळा

शेडमध्ये पडलेली फियाट हाती लागली की मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘रंगाला किती जातील?’ रंग हे सगळ्यात शेवटचं काम. आधीची कामं टाळून गाडी चमकवली की एका पावसाळ्यात रंगाखाली फोड येतात आणि तीच गाडी पुन्हा दुरुस्तीला उभी राहते. सांगली-मिरजेत हे सारखं बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

खाली न वाकता सौदा करणं

फियाट ११००, पद्मिनी आणि अँबेसेडरला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. जुन्या जीपला किंवा स्टँडर्ड हेराल्डला खाली स्वतंत्र चासी असते, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. फियाटच्या दारांखालची पोकळ पेटी सडली तर गाडीचा कणाच गेला. बॉनेटवरचा गंज दिसतो म्हणून लोक भाव पाडतात, आणि पेटीकडे कुणी बघतच नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातली एक जुनी फियाट कुपवाडच्या एका तरुणानं घेतली. विकणाऱ्यानं धुऊन, लांबी (पत्र्यावरची पुट्टी) भरून, क्रीम रंग मारून ठेवली होती. माझ्याकडे दाखवायला आणली तेव्हा मी पेटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. पुढच्या चाकाजवळ टणटणीत आवाज, मधे आल्यावर एकदम बद्द. टोक दाबलं तर सरळ आत गेलं, आणि बाहेर काढताच भोकातून कृष्णेचा वाळलेला गाळ भुरभुरला. पूर ओसरतो, पण पेटीतला गाळ तसाच राहतो. दर पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पत्रा आतून खातो.

काम लांबेल म्हटल्यावर त्याला धीर निघेना. दुसरीकडे नेली. तिथं दारं उतरवून, गाडी जॅकवर चढवून दोन्ही पेट्या एकदम कापल्या. आधार कशाचाच नाही. बॉडी मधून बसली. नव्या पेट्या वेल्ड करून दारं लावायला गेले तर वरची फट बंद झालेली, कुलूप खाचेत बसेना. सगळं वेल्डिंग तोडून बॉडी पुन्हा ओढावी लागली, आणि पत्र्याच्या कामाच्या कितीतरी पट पैसे गेले. एवढ्या सुंदर गाडीचे असे हाल बघवत नाहीत.

मी कापायच्या आधी दाराच्या चौकटीला आतल्या अंगानं लोखंडी अँगल हलक्या वेल्डिंगनं टाचून घेतो, म्हणजे दार लावून बघता येतं. गाडीचं वजन चाकांवरच ठेवतो. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात नाही. दार घासायला लागलं की तिथंच थांबायचं.

गंजावर लांबी

लांबी पाणी शोषते. खाली गंज ठेवून वर लांबी भरली म्हणजे गंजाला ओल पुरवण्याची सोय केली. पांढरा, खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापा आणि नवा पत्रा जोडा. घेताना खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवा. जाड लांबीवर ते धरत नाही. उघडा पत्रा रात्रभर तसाच सोडू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा.

घाईनं इंजिन सुरू करणं

वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. झटका बसला की रिंग तुटते, कधी कनेक्टिंग रॉडही वाकतो. आधी ऑईल काढून त्यात पाणी आहे का बघा. मग चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात निम्मं डिझेल, निम्मं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल ओता आणि आठवडाभर गाडी विसरा. नंतर इंजिनाच्या पुलीच्या नटला पान्हा लावून हातानं थोडं पुढं, थोडं मागं. हललं नाही तर पुन्हा भिजवा. लांब पाईप लावून जोर काढू नका.

ॲसिडचा शॉर्टकट

बाथरूमच्या ॲसिडनं गंज झटपट जातो, पण सांध्यात राहिलेलं ॲसिड पुन्हा गंज आणतं. ब्रॅकेट, बिजागऱ्या, नट-बोल्ट यांच्यासाठी आपल्या ऊसपट्ट्यात मळी (मोलॅसिस) आहे. जनावरांच्या खाद्यासाठी मिळते ती एक भाग, पाणी नऊ भाग. दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. वास सुटतो, म्हणून घरापासून लांब. ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, मळी तो खाते.

पेट्रोलची रिकामी टाकी वेल्ड करू नका. आतली वाफ पेटते, माणूस जातो.

नंबर आणि कागद

ग्राइंडर फिरवताना चासी नंबर घासला गेला तर आरटीओत गाडीची ओळख पटवणं मुश्कील होतं. तिथं चिकटपट्टी लावा, हातानं पॉलिश पेपर वापरा. डिझेल इंजिन बसवून ‘परवडणारी’ फियाट करायचा मोहही टाळा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, व्यवसायालाही वापरता येत नाही. वरातीला भाड्यानं देऊन पैसे वसूल करायचा हिशेब असेल, तर तो सौद्याआधीच खोडा.