शेअर विकलेत, आता रिटर्नमध्ये ब्रोकरेज कुठे टाकायचं?

पगार आहे आणि सोबत वर्षभरात थोडेफार शेअर विकलेत, तर तुमचा फॉर्म आयटीआर-2. आयटीआर-1 मध्ये हल्ली सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा (बारा महिन्यांहून जास्त ठेवून विकलेल्या शेअरचा) दाखवता येतो खरा, पण एक रुपयाचा जरी शॉर्ट टर्म (त्याआधीच विकलेल्याचा) असला किंवा तोटा पुढे न्यायचा असला तर त्या फॉर्मचा नाद सोडा. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) केलं असेल, गंमत म्हणून का होईना, तर आयटीआर-3, कारण ते धंद्याचं उत्पन्न धरतात. खाली जे लिहितोय ते डिलिव्हरीचं, म्हणजे शेअर डिमॅटला आले आणि मग विकले, आणि 2025-26 हे आर्थिक वर्ष धरून.

आधी तीन कागद समोर घ्या: ब्रोकरचं टॅक्स पी अँड एल (वर्षाच्या नफ्या-तोट्याचा हिशोब), विकल्याच्या-घेतल्याच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्यांची ब्रोकरने दिलेली बिलं), आणि इन्कम टॅक्स पोर्टलवरचं एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं खात्याकडचं स्टेटमेंट). बरेच जण फक्त पी अँड एल उघडतात, शेवटचा नफ्याचा आकडा उचलतात, फॉर्ममध्ये टाकतात आणि मोकळे होतात. पण फॉर्म नफा विचारतच नाही, तो विचारतो किती रुपयांना विकले, किती रुपयांना घेतले आणि विकताना खर्च किती आला, नफा तो स्वतः काढतो.

आता एक उदाहरण नीट बघू, कारण सगळा घोळ इथेच होतो. समजा 100 शेअर 1,450 ने घेतले, म्हणजे 1,45,000, आणि आठ महिन्यांनी 1,620 ने विकले, म्हणजे 1,62,000. ब्रोकर जुन्या वळणाचा, अर्धा टक्का घेणारा. घेताना ब्रोकरेज 725, एक्स्चेंज आणि सेबीचे मिळून साडेचार रुपये, या दोन्हीवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 131 च्या आसपास, आणि स्टॅम्प ड्युटी 22. झाले 883. हे सगळं खरेदी किमतीत जातं, म्हणजे तुमची कॉस्ट 1,45,883. विकताना ब्रोकरेज 810, एक्स्चेंजचे पाच, जीएसटी 147, एकूण 962, आणि हे जातं ‘ट्रान्सफरसाठी झालेला खर्च’ या वेगळ्या रकान्यात. विक्रीच्या रकान्यात मात्र पूर्ण 1,62,000 लिहायचे, त्यातून काहीही वजा करायचं नाही. नफा निघतो 15,155. खर्च न धरता 17,000 लिहिले असते तर शॉर्ट टर्मच्या 20 टक्के कराने 369 रुपये जास्त गेले असते. एका व्यवहारात फार वाटत नाही, पण वर्षात असे तीस-चाळीस व्यवहार असले की बघा.

एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावर कापला जाणारा कर, कुठेय यात? नाहीये, आणि तीच गंमत आहे. डिलिव्हरीत दोन्ही बाजूंनी 0.1 टक्का एसटीटी कापला जातो, वरच्या उदाहरणात 145 आणि 162, पण कॅपिटल गेनमध्ये (शेअर विकून झालेल्या नफ्यात) तो वजा करायला कायद्याने बंदी आहे. (धंद्याचं उत्पन्न दाखवणाऱ्याला चालतो, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.) आता कॉन्ट्रॅक्ट नोटच्या तळाला जी नेट रक्कम असते ना, त्यात एसटीटी आणि ब्रोकरेज दोन्ही आधीच कापलेले असतात. म्हणजे तो आकडा विक्री म्हणून टाकला की एसटीटी गुपचूप वजा झाला, आणि वर परत खर्चाच्या रकान्यात ब्रोकरेज टाकलं की तेच दोनदा वजा झालं. नोटच्या वरच्या भागातला ग्रॉस आकडाच घ्या.

आणखी एक भानगड म्हणजे काही ब्रोकर पी अँड एलच्या शेवटी वर्षभराचे सगळे चार्जेस एकत्र देतात. ती अख्खी बेरीज उचलून खर्चात टाकू नका, त्यात इंट्राडेचं ब्रोकरेज असतं, एसटीटी असतो, डिमॅटचं वार्षिक मेंटेनन्स असतं, आणि मुख्य म्हणजे यंदा घेतलेल्या पण अजून न विकलेल्या शेअरचे चार्जेस पण असतात, ते जेव्हा विकाल त्या वर्षी कॉस्टमध्ये येतील. विकताना स्क्रिपमागे (म्हणजे प्रत्येक कंपनीच्या शेअरमागे) जो डीपी चार्ज, डिमॅटमधून शेअर बाहेर काढायचा आकार, कापतात तो मात्र मी खर्चात धरतो, वार्षिक मेंटेनन्स अजिबात नाही.

बारा महिन्यांच्या आत विकले तर शॉर्ट टर्म, 20 टक्के, कलम 111ए. त्याहून जास्त ठेवले तर लाँग टर्म, कलम 112ए, वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. हे दर 23 जुलै 2024 पासूनचे. सव्वा लाख तुम्ही स्वतः वजा करायचे नाहीत, सिस्टिम करते, तुम्ही पूर्ण नफा दाखवा, तो सव्वा लाखाच्या आत असला तरी दाखवा.

लाँग टर्मसाठी शेड्यूल 112ए वेगळं भरावं लागतं. 31 जानेवारी 2018 नंतर घेतलेले शेअर एकत्र बेरीज करून एका ओळीत टाकता येतात, त्याआधीचे असतील तर प्रत्येक स्क्रिपची वेगळी ओळ, आयएसआयएनसकट (शेअरचा ओळख क्रमांक). गिरगाव-परळच्या घराघरांत वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेले शेअर असतात, तिथे हे हमखास लागतं. वारशाने आलेल्या शेअरला वडिलांची खरेदी किंमत आणि वडिलांनी घेतल्याची तारीख धरायची, तुमच्या डिमॅटला कधी आले ते नाही. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये अशा शेअरची कॉस्ट बऱ्याचदा शून्य दिसते, म्हणून जुने कागद शोधा. आणि 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेला शेअर असेल तर त्या दिवसाचा, म्हणजे दिवसभरातला, सगळ्यात वरचा भाव बघा. समजा 40 चा शेअर, त्या दिवशीचा हाय 300, आणि विकला 520 ला, तर कॉस्ट 300 धरली जाते. 250 ला विकला असता तर कॉस्ट 250, म्हणजे नफाही नाही, तोटाही नाही.

भरून झालं की एआयएसशी ताडून बघा. तिथे डिपॉझिटरीकडून (डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून) येणारा विक्रीचा भाव बरेचदा त्या दिवसाचा क्लोजिंग असतो, तुम्हाला मिळालेला नव्हे, त्यामुळे थोडा फरक पडला तर घाबरू नका, कॉन्ट्रॅक्ट नोटचा आकडा खरा. मोठा फरक असेल तर एआयएसमध्येच फीडबॅक देऊन ठेवा. शेड्यूल सीजीच्या (फॉर्ममधल्या कॅपिटल गेनच्या तक्त्याच्या) तळाला नफा कुठल्या तारखांमध्ये झाला ते पण विचारतात, 15 जूनपर्यंत, मग 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च आणि 31 मार्च, हे ॲडव्हान्स टॅक्सच्या व्याजासाठी असतं. सगळं शेवटच्या रकान्यात टाकून मोकळे होणारे असतात, तसं करू नका.

आणि हो, ‘बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही’ या भरवशावर राहू नका. नव्या रिजीममधली ती सूट शेअरच्या नफ्याला लागत नाही. करपात्र पगार 9 लाख आणि शॉर्ट टर्म नफा 40,000 असेल तर पगारावर शून्य, पण नफ्यावर 8,000 अधिक 4 टक्के सेस, म्हणजे 8,320 भरावेच लागतात.

तोटा झाला असेल तरी लिहा, किंबहुना तेव्हा तर नक्कीच. शॉर्ट टर्म तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वळता होतो, लाँग टर्मचा फक्त लाँग टर्ममधून, आणि उरलेला पुढची आठ वर्षं नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. रिटर्न सबमिट केल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करा, आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं, ते राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.