ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत पाठवताय? आधी या चुका टाळा

गेम मधेच बंद पडला, स्क्रीन काळी झाली, की लोक विचारतात, "कार्ड गेलं का?" उत्तर मिळायच्या आत वॉरंटीचा फॉर्म भरूनही झालेला असतो. ही घाई मला अजिबात पटत नाही. माझी कसोटी एकच आहे: कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये बसवल्यावर दोष त्याच्याबरोबर जातो का? गेला तर बेलाशक पाठवा. नाही गेला तर दोष तुमच्याच मशीनमध्ये बसलेला आहे आणि नवीन कार्ड आलं तरी तो तिथेच असेल.

पॉवर न तपासता कार्ड पाठवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. एका मित्राच्या मशीनमध्ये गेम सुरू झाला की थोड्या वेळाने स्क्रीन काळी व्हायची, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागायचे, पण गेमचा आवाज मात्र चालूच असायचा. त्याला म्हटलं, आधी दुसऱ्या मशीनवर लावून बघ. त्याला तेवढाही धीर नव्हता. कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं, कित्येक आठवडे तिथे पडून राहिलं आणि "दोष आढळला नाही" अशा चिठ्ठीसह जसंच्या तसं परत आलं. लावल्या दिवशीच पुन्हा काळी स्क्रीन.

मग कॅबिनेटचं झाकण काढून बघितलं. कार्डावर ८ पिनचे दोन सॉकेट होते आणि पॉवर सप्लायमधून एकच केबल आली होती, टोकाला दोन कनेक्टर असलेली. ८ पिनच्या एका कनेक्टरचं मानक १५० वॅटचं, तर मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो. म्हणजे दोन कनेक्टरचा सगळा भार एकाच केबलवर, शिवाय क्षणभरासाठी कार्ड याहून बरीच जास्त पॉवर ओढतं ते वेगळंच. दुसरी केबल पॉवर सप्लायच्या खोक्यात पिशवीतच होती. ती लावली, प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र केबल दिली आणि काळी स्क्रीन बंद झाली. सर्व्हिस सेंटरचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी कार्ड चांगल्या पॉवर सप्लायवर तपासलं, तिथे ते बिघडणार कशाला?

केबल कमी पडली म्हणून दुसऱ्या पॉवर सप्लायची मॉड्युलर (दोन्ही टोकांनी सुटी होणारी) केबल मात्र कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असलं तरी पॉवर सप्लायकडच्या पिनांची रचना वेगळी असू शकते आणि त्यात चांगलं कार्ड जळतं.

एरर मेसेजवर डोळे मिटून विश्वास ठेवणं

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण आठवा. अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरच्या गेममध्ये "व्हिडिओ मेमरी संपली" असा एरर यायचा, कार्डात भरपूर मेमरी असतानाही. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. २०२४ मध्ये इंटेलने नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) दिला आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तिथे कार्ड बदलून काहीही झालं नसतं. रॅमचंही असंच असतं. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर आधी बंद करा, मग कार्डावर आळ घ्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

ड्रायव्हरवर ड्रायव्हर चढवू नका. इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर साफ काढणाऱ्या प्रोग्रॅमने) जुना पूर्ण काढा, मग नवा टाका.

मशीन रिकामं बसलं असताना पंखे फिरत नसतील तर तो बिघाड नव्हे. बहुतेक नव्या कार्डांत ती सोय मुद्दाम दिलेली असते.

कार्डावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) बारीक शीळ ऐकू येते म्हणून कार्ड पाठवलं तर बहुधा तेच परत येईल.

रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब बसवायची जोडकेबल) वापरत असाल तर ती काढा आणि कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवून बघा. जुन्या जेन ३ (स्लॉटच्या तिसऱ्या पिढीच्या) रायझरवर जेन ४ चं कार्ड अडखळतं, आणि बोल कार्डाला लागतो.

स्क्रीनवर ठिपके दिसले म्हणजे कार्ड मेलं, असं धरून चालणं

रंगीत ठिपके, रेघा, चौकटी दिसल्या की मी आधी स्क्रीनशॉट घेतो आणि तो फोनवर उघडून बघतो. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर शंका केबलची, पोर्टची किंवा मॉनिटरची. ठिपके स्क्रीनशॉटमध्येही उतरले असतील तर कार्ड किंवा ड्रायव्हर. आणि मॉनिटर, केबल बदलूनही विंडोज सुरू व्हायच्या आधी, बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंगच्या) स्क्रीनवरच तसेच ठिपके दिसत असतील तर ड्रायव्हर संशयातून सुटला. मग दुसरं मशीन मिळत नसलं तरी मी कार्ड पाठवायला सांगतो.

खरा दोष असूनही चालवून घेणं

घाई करणाऱ्यांइतकीच मला या लोकांची काळजी वाटते. कार्ड क्रॅश होतं, कुणीतरी सांगतं "क्लॉक (कार्डाचा वेग) थोडा कमी कर", क्रॅश थांबतात आणि माणूस वॉरंटी संपेपर्यंत तसंच वापरतो. कंपनीने दिलेल्या क्लॉकवर जे कार्ड टिकत नाही ते सदोष आहे. तुम्ही पूर्ण कार्डाचे पैसे दिलेत, तर कार्डही पूर्णच मिळालं पाहिजे.

काही दोषांत तर क्रॅशही होत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने मान्य केलं की काही आरटीएक्स ५०९० आणि ५०७० टीआय कार्डांत आरओपी (चित्राला अंतिम रूप देणारे चिपमधले भाग) कमी आहेत. ५०९० मध्ये १७६ हवेत, सदोष कार्डांत १६८. गेम चालत होते, फक्त थोडे हळू. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडला की हा आकडा समोर दिसतो, पण बघतं कोण? त्याआधी एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या काही आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डांचा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ११० अंशांपर्यंत जायचा, कारण कूलरच्या व्हेपर चेंबरमध्ये (उष्णता पसरवणाऱ्या बंद पोकळीत) द्रव कमी भरला होता. एएमडीने ती कार्डं बदलून दिली. अशा वेळी चिप आणि कूलरमधली पेस्ट बदलण्याच्या भानगडीत पडू नका. स्क्रू उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. आणि कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे उपाय ज्यांना सुचतात त्यांच्यापासून कार्ड लांब ठेवा.

पाठवायचं ठरलं की मी ठिपक्यांचा किंवा क्रॅशचा व्हिडिओ काढतो, सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो घेतो आणि दुसऱ्या मशीनवर काय झालं ते तक्रारीत लिहितो. नुसतं "चालत नाही" लिहू नका. खरेदीला थोडेच दिवस झाले असतील तर आधी विक्रेत्याची परतीची मुदत बघा, कारण वॉरंटीत बऱ्याचदा दुरुस्त केलेलं जुनं कार्ड हातात येतं. म्हणूनच बदली कार्ड आलं की सीरियल नंबर जुन्याशी ताडून बघा, आणि जुनं कार्ड ज्या गेममध्ये पडत होतं तोच गेम त्याच दिवशी चालवा.