हेली-स्कीइंगला निघालात? या चुका सोलापुरातच टाळा

गड्ड्याची जत्रा उरकली की सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपना बर्फाचे वेध लागतात. पूर्वी ही मंडळी मनालीला जाऊन भाड्याच्या गमबुटात फोटो काढून परत यायची. आता त्यातले काहीजण खरोखर स्की करायला शिकलेत. मग कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकतो. हेलिकॉप्टर डोंगरमाथ्यावर सोडतं आणि माणसं कोऱ्या भुसभुशीत बर्फातून खाली येतात. लगेच ठरतं, "का बे, जाऊ की! बाकीचं बघू तिथं गेल्यावर."

या खेळात सगळ्यात महागात पडतं ते हेच वाक्य. तिथं गेल्यावर बघण्यासारखं फार थोडं उरतं. बहुतेक चुका सात रस्त्यावर चहा पितानाच होऊन गेलेल्या असतात.

हेली-स्कीइंगचा धंदा म्हणून पाया कॅनडात बुगाबू पर्वतरांगेत घातला गेला, तो १९६५ मध्ये हान्स ग्मोसर या गाईडनं. आपल्याकडे हे मुख्यतः मनालीच्या आसपास, हनुमान टिब्बा आणि देव टिब्बा या शिखरांच्या बाजूच्या उतारांवर चालतं. गुलमर्गलाही काही मोसमांत झालंय, पण दरवर्षी चालू असेलच असं धरू नका. वर ना आखलेला मार्ग असतो, ना दोर, ना उतारावर गस्त घालणारी माणसं. असतो तो गाईड आणि तुमचे मित्र.

"सगळेच जाऊ" ही पहिली चूक

हेलिकॉप्टरमधला गट त्यातल्या सगळ्यात कच्च्या गड्याच्या वेगानं चालतो. सहाजणांतले पाच पक्के असले आणि सहावा उत्तराखंडातल्या औलीत आठवडाभर शिकून आलेला असला, तर गाईड सगळ्यांना सहाव्याच्या लायकीच्या उतारावर नेणार. नेलंच पाहिजे. मग पाचजण कुरकुरतात, सहावा लाजेपोटी जोर लावतो आणि गुडघा तिथंच जातो.

शिकायला आपल्याकडे जागा चांगल्या आहेत: गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, औलीचे कोर्स. पण कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे हेलिकॉप्टरचं तिकीट नव्हे. गुलमर्गच्या गोंडोल्याचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरला सोडतो. तिथून स्थानिक गाईडसोबत, न दाबलेल्या बर्फातून, फारसं न पडता आणि दर दहा वळणांना दम न खाता खाली येता येतं का, हे आधीच्या मोसमात तपासा. ज्याला जमत नाही त्याला पैसे भरण्याआधी सांगा. तो स्वतःहून म्हणणार नाही. मैत्रीत हे बोलणं जड जातं, मान्य आहे, पण चार हजार मीटरवर ते आणखी जड जातं. गट फोडला तरी बिघडत नाही. दोघं-तिघं हेलिकॉप्टरनं जातील, बाकीचे मनालीजवळच्या सोलंगला शिकतील आणि रात्री जेवायला सगळे एकत्र येतील.

आणि मांड्या तयार करा. आपलं गाव सपाट, चढउताराची पायांना सवय नाही. पार्क मैदानाला फेऱ्या मारून दम वाढेल, मांड्या नाही वाढायच्या. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, बैठका आणि जिने *उतरणं* हे दोन-तीन महिने आधीपासून हवं.

हेलिकॉप्टर म्हणजे वऱ्हाडाची गाडी नव्हे

आपल्या भागात नवरदेव हेलिकॉप्टरनं आलेला अनेकांनी पाहिलाय. पंखा थांबायच्या आत पोरं मोबाईल घेऊन धावतात. डोंगरात ही सवय जीव घेईल. मागचा छोटा पंखा फिरताना दिसतच नाही, म्हणून शेपटीकडे कधीच जायचं नाही. पायलटच्या नजरेसमोरून, वाकून आणि उताराच्या खालच्या बाजूनंच जायचं. वरच्या बाजूला जमीन आणि पातं यांतलं अंतर कमी असतं. स्की खांद्यावर उभ्या न धरता आडव्या, कमरेच्या खाली धरायच्या. उतरलं की सामानाशेजारी एकमेकांना चिकटून गुडघ्यावर बसायचं आणि हेलिकॉप्टर उडून जाईपर्यंत हलायचं नाही. सैल टोपी, मफलर, लोंबणारे पट्टे आधीच आत खोचून ठेवा.

वजन विचारलं तर खरं सांगा. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे हेलिकॉप्टरची उचल कमी होते. पायलट किलोकिलोचा हिशेब करतो. बुटांसह आणि सॅकसह वजन द्यायचं असतं, लग्नाच्या बायोडेटातलं नव्हे.

हवा खराब असेल तर उड्डाण होत नाही. बर्फ आणि आकाश दोन्ही पांढरं झालं की पायलटला जमिनीचा अंदाज येत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस असे बसून जाऊ शकतात. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: न उडलेल्या दिवसांचं काय? परत देणार, पुढच्या मोसमात वळवणार, की बुडाले?

हिमस्खलनाचं सामान शोभेचं नाही

इथं थोडं थांबू, कारण माणसं मरतात ती बहुतेक हिमस्खलनातच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले. पुढच्याच फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन गेला.

बर्फाची लादी, म्हणजे एकसंध सुटून घसरणारा थर, बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. आपल्या सपाट डोळ्याला सगळंच उभं दिसतं, त्यामुळे नेमका धोक्याचा उतार "मध्यम, छान" वाटतो. बहुतेक बळींच्या बाबतीत लादी सुटते ती त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनानं. सगळ्यात मोहाचा दिवस म्हणजे मोठ्या हिमवर्षावानंतर पहिल्यांदा ऊन पडतं तो, आणि सगळ्यात वाईट दिवसांपैकीही तोच. गाईड त्या दिवशी "तो उतार नको" म्हणाला की गटातून आवाज येतो, "पैसे भरलेत की!" असा आवाज काढणाऱ्याला निघण्याआधीच ओळखून ठेवा. पायाखाली दबका 'धप्प' आवाज आला किंवा बर्फात भेग धावताना दिसली तर तिथंच थांबा आणि गाईडला हाक मारा.

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (सिग्नल सोडणारं आणि गाडल्या गेलेल्याचा सिग्नल पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं हवंच. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात. अर्धा तास उलटला की साधारण तिघांतला एक. म्हणजे वाचवणारा मित्रच, दरीतून येणारं पथक नव्हे. तरीही लोक ट्रान्सीव्हर पहिल्यांदा हेलिपॅडवर हातात घेतात. विकत किंवा उसने दोन संच मिळाले तर सीनेच्या वाळूत एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पुरा आणि दुसऱ्यानं शोधा. यंत्रावरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल तसा वेग कमी करायचा आणि यंत्र जमिनीलगत आणायचं. मग सगळ्यात कमी आकड्याच्या जागेपासून प्रोब गोल-गोल, साधारण २५ सेंटिमीटरवर टोचत जायचं. लागला की काढायचा नाही. खणायचं ते थोडं खालच्या बाजूनं, आडवं आत शिरत. सरळ वरून खड्डा घेतलात तर माणसावरच उभे राहाल.

मोबाईल आणि ट्रान्सीव्हर एकाच खिशात ठेवू नका. चालू असताना निदान २० सेंटिमीटर, शोधताना ५० सेंटिमीटर अंतर हवं. मोबाईल बंदच बरा. बॅटरी अल्कलाइन घाला. रिचार्जवाल्या शेवटपर्यंत भरलेल्या दिसतात आणि अचानक मान टाकतात.

कपडे, पाय, डोकं

आई सोलापुरी चादर सॅकमध्ये घालणारच. हॉटेलात पांघरायला ती उत्तम, पण अंगाला लागेल ते सुती काही नको: बनियन नको, जीन्स नको. घामानं भिजलेलं सूत वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर किंवा सिंथेटिकच घ्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र जरूर न्या. थंडीत ती गोठत नाही की बिघडत नाही, आणि तिथल्या चॉकलेटपेक्षा पोटाला धरते.

बोटं गार पडतात म्हणून दोन मोजे घालतात. उलटं होतं. बूट आवळतो, रक्त पोचत नाही, बोटं आणखी गार पडतात. एकच पातळ लोकरी मोजा घाला आणि वर जाताना बकल सैल करा.

आपण साडेचारशे मीटरवरून जातो. मनालीला किंवा गुलमर्गला दोन रात्री काढल्याशिवाय वर उडू नका, आणि त्या दोन रात्री बाटलीपासून लांब राहा. डोकं ठणकतंय आणि मळमळतंय, तर गोळी खाऊन लपवू नका. गाईडला सांगा आणि त्या दिवशी खालीच थांबा. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरवून डॉक्टरकडे न्यायचं.

"आपल्याला उन्हाची सवय आहे" हे इथं चालत नाही. बर्फ खालूनही ऊन फेकतो. गॉगल कपाळावर चढवू नका, घामानं आतून धुकं धरतं, आणि आतली काच बोटानं पुसू नका. सनस्क्रीन नाकपुडीखाली आणि हनुवटीखालीही लावा.

पडल्यावर स्की सापडत नाही? ती बहुधा तुमच्या *वर* असते, लोक खाली शोधत बसतात. जिथं पडलात तिथून वर, काठीनं बर्फ आडवा कापत जा.

कागद आणि फोन

विम्यात "साहसी खेळ वगळून" हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हेलिकॉप्टरनं सुटका त्यात येते का, हे एजंटकडून लेखी घ्या. काश्मीरला जाणार असाल तर आपलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड लागतं. दुबईच्या पाहुण्यानं दिलेला सॅटेलाइट फोन तर नेऊच नका. परवान्याशिवाय भारतात तो बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर धरलेल्या माणसाला डोंगर दिसत नाही. संपर्काची सोय काय आहे हे कंपनीलाच विचारा.

परतीचं विमान आणि पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस एकाच दिवशी बांधू नका. हिवाळ्यात श्रीनगरची उड्डाणं बर्फानं रद्द होतात, मनालीचा रस्ताही अडतो. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा, आणि रजेच्या अर्जातही ते धरूनच लिहा.