गावच्या वाचनालयासाठी ग्रामपंचायतीकडे निधी मागताना या चुका टाळा

वाचनालयाला ग्रामपंचायतीने निधी द्यावा, ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नव्हे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात मात्र कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालय कराची तरतूद नाही. त्यामुळे स्थानिक पैसा आपोआप येत नाही, तो रीतसर मागावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक वेळेची असते. मार्चअखेर ‘शिल्लक असेल तर द्यावे’ असे पत्र सरपंचांच्या हाती देऊन काही साधत नाही, कारण जे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाही, त्यावर वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणारा, निधी खर्ची टाकता येत नाही. आराखड्याची चर्चा साधारणतः 2 ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत सुरू होते. त्या सभेला वाचक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आणि बचत गटातील महिला यांना आवर्जून न्यावे, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि त्याची नक्कल मागून ठेवावी. तोंडी होकारावर विसंबून राहिलेली कितीतरी वाचनालये वर्षभर मागे पडतात, याचे वाईट वाटते.

दुसरी चूक म्हणजे चुकीच्या निधीतून चुकीची गोष्ट मागणे. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून (गावाच्या गरजेनुसार वापरता येणाऱ्या) पगार किंवा आस्थापनेचा खर्च भागवता येत नाही, आणि बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेला) निधी पाणी व स्वच्छतेसाठीच असतो. ग्रंथपालाच्या मानधनाचा अर्ज तेथेच अडतो. हे मानधन शासकीय अनुदानातून, वर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून (स्वतःच्या उत्पन्नातून) भागवावे. अबंधित निधीतून कपाटे, अभ्यासिकेची टेबले, छताची दुरुस्ती अशी कामे अंदाजपत्रकासह मागावीत. इमारत ग्रामपंचायतीच्या मालकीची असल्यास मार्ग बराच सोपा होतो, म्हणून नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता आकारणी नोंदवहीचा) उतारा आधीच पाहून घ्यावा.

कागदपत्रांत बहुधा एकच गोष्ट नडते. वाचनालयाच्या संस्थेचे विश्वस्त बदललेले असतात, परंतु धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल केलेला नसतो. परिणामी परिशिष्ट 1 वर (धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर) दिवंगत अध्यक्षांचेच नाव राहते आणि धनादेश कोणाच्या सहीने स्वीकारायचा, हा प्रश्न उभा राहतो. निधी मागण्यापूर्वी हे काम उरकावे.

पैसे मिळाल्यावर पावत्या, विनियोग प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि देवघेव नोंदवहीतील वर्षाचे आकडे पुढील ग्रामसभेपूर्वीच सादर करावेत.